जिनातला न घेतलेला प्रसाद

वणीला कॉलेज नुकतंच निघालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे तिथल्या सगळ्याचीच मला भीती वाटायची. ग्रंथालयातल्या शिपायाची वाटायची. हजेरी घेताना सर आपलं नाव चुकीचं वाचतील आणि ते उभं राहून दुरुस्त करावं लागेल, याचीही वाटायची. पण मी लिहितो आहे ती भीती वेगळी. ती घरातली, जुनी होती. शिकलो की ती कमी होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

आम्ही जिनाच्या आवारात राहायचो. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना, त्याला आमच्याकडे जीन म्हणतात. बाबा तिथे चौकीदार होते, म्हणून फाटकाजवळची एक खोली आम्हाला मिळाली होती. खोली जिनाची, विहीर जिनाची, कडुलिंबाची सावलीसुद्धा जिनाचीच. बाबा कुणाशीही बोलण्याआधी एकदा ऑफिसच्या दाराकडे बघून घ्यायचे.

माय हंगामात रेच्यावर उभी राहायची. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. लांब शेडमध्ये रेच्यांची ओळ असायची आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई दोन्ही हातांनी त्याला कापूस चारत राहायची. या बायांना रेजा म्हणत. इंजिनाची सगळी ताकद एका लांब लोखंडी दांड्यात यायची आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे बायांच्या पाठीमागून फिरायचे. अगदी पाठीमागून. एखादी बाई दोन पावलं मागे सरली तर पट्ट्याचा वारा तिच्या मानेला लागे. मायचा डबा घेऊन गेलो की मी शेडच्या दारातच थांबायचो. मोठा झालो तरी आत पाऊल टाकायची माझी हिंमत होत नसे.

हंगामासाठी बाया कशा घेतल्या जायच्या, हे आधी सांगायला हवं. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यंत्रांची पूजा व्हायची. इंजिनाला हार, रेच्यांना कुंकू, जिनमालक शेठजींच्या हातून नारळ. मग मुकादम खोबऱ्याचे तुकडे ताटात घेऊन बायांच्या रांगेपुढून चालत जायचा. जिच्या हातावर तुकडा पडला ती त्या हंगामाला ठरली. जिच्यापुढून तो न थांबता गेला, तिनं समजून घ्यायचं. कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. देवाच्या प्रसादावरून भांडणार कोण?

आदल्या हंगामात एक अपघात झाला होता. मायच्या शेजारच्या रेच्यावर तांड्यावरची एक बाई असायची. तांडा आमच्या आवारापासून फार लांब नव्हता. पूर्वी बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणारी ती माणसं आता शेती करत, आणि शेतीचं काम सरलं की त्यांच्या बाया जिनात येत. त्या बाईची ओढणी पट्ट्यात गेली. ती सोडवायला तिनं हात घातला.

मी तेव्हा डबा घेऊन दारात उभा होतो. किंचाळी मला ऐकू आली नाही, पट्ट्यांच्या आवाजात कुणाचीच ऐकू येत नसे. मला दिसलं ते एवढंच, की एका पट्ट्याबरोबर लाल कापड फिरतं आहे. वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. क्षणभर मला वाटलं, कुणीतरी पट्ट्याला काही सजवून बांधलं आहे. मग इंजिन थांबलं आणि बायांचं रडणं ऐकू आलं.

बाई वाचली. हात कोपरापासून गेला. मुकादमानं फाटकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की दोष ओढणीचा आहे, आणि पुढच्या हंगामाला तांड्यावरची एकही बाई घेतली जाणार नाही. बायांचं म्हणणं होतं की पट्टे झाकायला लाकडी पेट्या बसवा. मायनं ते एकदा मुकादमाला म्हणूनही पाहिलं. तो हसला. पट्टा मागं फिरताना जाणवला की तुमचे हात बरोबर चालतात, असं म्हणाला.

कॉलेजात तेव्हा आम्हाला कामगार चळवळ हा विषय होता. सर नागपूरहून आलेले, तरुण, मनापासून शिकवणारे. मुंबईच्या गिरण्या, विलायतेतल्या खाणी, तिथले संप, असं ते समोर उभं करायचे. तक्रार, मग मागणीपत्र, मग नोटीस, मग वाटाघाटी, आणि त्या फसल्या तर संप, हा क्रम मी पाठ केला होता. विषय मला आवडायचा आणि तो आवडतो याचीच भीती वाटायची. बाबांना वाचता येत नसे, तरी घरी ते पुस्तक मी पालथं ठेवायचो.

एकदा सरांनी प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या एखाद्या कामाबद्दल लिहायला सांगितलं. दुसरं काही सुचेना म्हणून मी जिनाबद्दल लिहिलं, प्रसादाची रीतही लिहिली. सरांना ते फारच आवडलं. आपल्या दारातच एवढं असताना आपण विलायतेकडे का बघतो, असं ते वर्गात म्हणाले, आणि त्यांनी शेठजींची परवानगी घेऊन टाकली. खंडेनवमीला कॉलेजला सुट्टी. सगळा वर्ग पूजा बघायला जिनात येणार.

हे मायला सांगायला मी विहिरीवर गेलो. ती भांडी घासत होती. ऐकून तिचे हात थांबले.

"तू येऊ नको त्या दिवशी," ती म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हंजे? मी सांगून राह्यली ना. पोटात दुखते म्हन सराले."

मी पुष्कळ विचारलं, पण तिनं पुढे काही सांगितलं नाही. त्या दिवसांत विहिरीवर बायांची गर्दी जरा जास्तच व्हायची. तांड्यावरच्या बायाही असायच्या, आणि त्यांची तर विहीर वेगळी होती. मी जवळ गेलो की बोलणं भेंडीवर नाहीतर पोह्यावर यायचं. बाबांनाही ते दिसत होतं. एकदा जेवताना, ताटाकडेच बघत, ते म्हणाले की ही खोली जिनाची आहे, एवढं ध्यानात असू द्या. मायनं त्यांना वरण वाढलं.

काहीतरी ठरलं आहे, एवढं मला कळत होतं. काय ठरलं आहे ते कळत नव्हतं. माय रेच्यावरून गेली तर तिची कमाई जाणार, आणि शेठजींची मर्जी गेली तर बाबांचं काम आणि ही खोलीही जाणार. खोली गेल्यावर माझं कॉलेज कशाच्या जिवावर? पोटात दुखतं म्हणायची खरं तर गरजच नव्हती, ते दुखतच होतं. तरी मी गेलो. सरांना नाही म्हणायची भीती मायला नाही म्हणण्यापेक्षा जास्त निघाली.

आम्हा मुलांना ऑफिसच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. मी कोपऱ्यात, खांबाआड बसलो. पूजा झाली, नारळ फुटला. समोर रेजांची रांग होती, आणि जुनी रेजा म्हणून माय पहिली. तांड्यावरच्या बाया फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांना आत सोडायचं नाही असा बाबांना हुकूम होता. बाबा फाटकाचा आडवा दांडा, आडणा, हातात धरून होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

मुकादम ताट घेऊन मायपुढे आला. मायनं हात पुढे केला नाही.

"मले कावळा शिवला, मुकादम," ती म्हणाली. "मी दूर हाव."

कावळा शिवला म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. तशा बाईनं चार दिवस वेगळं बसायचं, चुलीला शिवायचं नाही, पूजेला नाही, प्रसादाला तर नाहीच. मुकादम चटकन मागे सरला आणि त्यानं ताट उंच धरलं. मग तो पुढच्या बाईकडे वळला. तिनंही हात पदराखाली घेतला.

"मले बी शिवला."

तिसरी तेच म्हणाली. चौथी नुसती दोन पावलं मागे झाली. मुकादम भराभर चालू लागला आणि त्याच्यापुढे रांग एकेक पाऊल मागे हटत गेली. शेवटी तोंडाचं बोळकं झालेली एक म्हातारी होती. तीही मागे सरली.

"साऱ्याइले एकाच दिवशी?" मुकादम म्हणाला.

"औंदा कावळेच लय झाले, बाबू," म्हातारी म्हणाली. "तुह्याच जिनाच्या टिनावर बसून राह्यतेत."

फाटकाबाहेर तांड्यावरच्या बाया हसल्या. त्यांतली एक ओरडून म्हणाली की तो कावळा तांड्यावरही येऊन गेला. माझ्या शेजारची मुलं खाली माना घालून हसू दाबत होती. सरांचा चेहरा लाल झाला होता. मला हसू येत नव्हतं. मुकादम ताट घेऊन परत मायकडे येत होता.

"तुले शिवते काय वं आता कावळा?" तो म्हणाला. "तुहं पोरगं कॉलेजात गेलं."

"कावळ्याले कॉलेज काय समजते, मुकादम?"

पुन्हा हसू फुटलं. मुकादम हसला नाही. त्यानं ओसरीकडे पाहिलं. खांबाआड मी त्याला दिसलो.

"ए कॉलेज," तो म्हणाला. "उभा राह्य. आज घरी सैपाक कोनं केला?"

मी उभा राहिलो. सकाळी भाकरी मायनंच थापल्या होत्या. मी तिच्यासमोर बसून खाल्ल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर देवासमोर माय खोटी ठरली असती, आणि ती खोटी ठरली की मागची सगळी रांग खोटी. मग एकेकीला ओढून हातावर तुकडा ठेवायला मुकादमाला काहीच अडचण नव्हती, आणि मायच्या हातावर तर तो पुन्हा कधी पडलाच नसता. खोटं सांगावं तर समोर शेठजी, बाजूला सर, आणि फाटकाशी बाबा. बाबांचा आडण्यावरचा हात मला तिथून दिसत होता. सकाळी घरी काय झालं ते त्यांनाही माहीत होतं. माझ्यामागून त्यांना विचारलं तर ते काय सांगतील?

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिला मला यातून मोकळं ठेवायचं होतं.

"म्या केला," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की मुकादमानं पुन्हा विचारलं. "सैपाक म्या केला."

वर्गातली मुलं आता उघड हसली.

"भाकर येते तुले?"

"येते."

"गोल येते काय?"

"नाही येत."

बाया मोठ्यानं हसल्या, माझ्यावरच, पण त्या हसण्यानं रांग पुन्हा नीट उभी राहिली असं मला वाटलं. मुकादम माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला अजून आठवते. तेवढ्यात शेठजी उठले. देवधर्माचे माणूस होते. पूजेच्या जागी हा विषय नको, असं पुटपुटत ते आत गेले. आता मुकादमाला कुणाला काही विचारता येईना.

बाया निघाल्या. जाता जाता म्हातारी मुकादमाजवळ, पण त्याच्यापासून बेतानं लांब, थांबली.

"पाचव्या दिवशी न्हाऊन येतो," ती म्हणाली. "न्हालेल्या बाईचे केस मोकळे असतेत, बाबू. तोपर्यंत पट्ट्याइले पेट्या लागल्या तं बरं."

मागणी म्हणून जे काही मांडलं गेलं ते एवढंच.

पुढचे दिवस आम्ही कसे काढले, ते नीट सांगता येत नाही. दसऱ्याचा मुहूर्त हुकला. गावातली दुसरी जिनं सुरू झाली, त्यांचे भोंगे ऐकू यायचे. आमच्या जिनाच्या फाटकाशी कापसानं भरलेल्या बैलबंड्या येऊन उभ्या राहायच्या आणि वळून जायच्या. मुकादम दिवसातून कितीतरी वेळा आमच्या खोलीवरून चकरा मारायचा. म्हणून माय खरोखरच बाहेर, भिंतीला टेकून, गोणपाटावर बसून राहिली. चुलीपुढे मी. ती दारातून सांगायची, पाणी कमी घाल, हात फिरव, काठ दाब. बाबा ती वेडीवाकडी भाकर मुकाट्यानं खायचे. एकदा त्यांना ऑफिसात बोलावणं आलं. ते परत आले. त्यांनी खुंटीवरचा आपला चौकीदारीचा जाड कोट काढला, झटकला आणि पुन्हा खुंटीवर ठेवला. त्यातून काय समजायचं, ते मला कळेना.

सरांनी मला भेटायला बोलावलं. त्यांनी सगळ्यांना अहवाल लिहायला सांगितला होता आणि माझ्या अहवालात त्यांना जास्त रस होता. मी लिहिलं होतं, रेजांनी सामुदायिक असहकार दर्शवला. कावळ्याबद्दल लिहायला माझी लेखणी धजली नाही. सर म्हणाले, छान आहे, पण पुढारी कोण होतं? हे ठरवलं कुणी? पहिली बैठक कुठे झाली?

मला विहीर डोळ्यांसमोर दिसली. मी म्हणालो, माहीत नाही.

"तुम्ही घाबरू नका," सर म्हणाले. "माझ्याकडून ते कुठेही जाणार नाही."

त्यांच्यावर माझा विश्वास होता, अजूनही आहे. तरी मी पुन्हा म्हणालो, माहीत नाही. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. परत येताना मी पुस्तकातला क्रम आठवत होतो, तक्रार, मागणीपत्र, नोटीस. त्या क्रमात भीतीला कुठेच जागा नव्हती. गिरण्यांतली, खाणींतली ती माणसंही अशीच कुणाच्या तरी खोलीत राहत असतील, त्यांच्याही घरी कुणी कोट काढून पुन्हा खुंटीला लावला असेल. ते कुणी लिहिलं नव्हतं. कदाचित विचारलं तेव्हा त्यांनीही माहीत नाही म्हणून सांगितलं असेल.

चौथ्या दिवशी शेडकडून हातोड्याचा आवाज येऊ लागला. माय गोणपाटावरून उठली नाही. बाबा खाटेवर बसून ऐकत राहिले. सुतार पेट्या ठोकतो आहे की शेडला कुलूप घालायला कोयंडा बसवतो आहे, ते इथून कळत नव्हतं. जाऊन बघून ये, असं कुणी मला म्हणालं नाही. मीही गेलो नाही.

पेट्याच होत्या. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पाहिल्या. न तासलेल्या, ओबडधोबड फळ्यांच्या, आणि त्याही सगळीकडे नाहीत. शेडच्या दूरच्या टोकाचे पट्टे उघडेच होते. पण मायच्या रेच्यामागे पेटी होती. बाया ओल्या केसांनी आल्या. हंगाम मागे पडला होता, हात जास्त हवे होते, म्हणून फाटक उघडायला बाबांना ऑफिसातून सांगितलं गेलं आणि तांड्यावरच्या बाया आत येऊन रांगेत मिसळल्या. हात गेलेली बाईही आली होती. ती शेवटी उभी राहिली. ताट तिच्यापर्यंत पोचलंच नाही. पुढे त्या हंगामात ती अंगणात बसून सरकीतला कचरा निवडायची. मुकादम कधी बसू द्यायचा, कधी हाकलायचा.

त्या सकाळी मी फाटकाशी बाबांजवळ उभा होतो. मुकादम ताट घेऊन आला. रांगेत पहिली मायच होती, हात पुढे करून. तो तिच्यापुढून न थांबता गेला आणि शेजारच्या बाईच्या हातावर त्यानं तुकडा ठेवला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

मायनं हात खाली घेतला नाही. तो तसाच पुढे, रिकामा. शेजारची ती बाई तांड्यावरची होती. तिनं आपल्या हातातला तुकडा पाहिला, दोन्ही अंगठ्यांनी मोडला आणि अर्धा मायच्या हातावर ठेवला.

मुकादम वळला. "एका तुकड्यात एकच बाई," तो म्हणाला.

"देवाचा परसाद हाय, मुकादम," ती म्हणाली. "वाटला तं पाप लागते काय?"

त्यानं ऑफिसकडे पाहिलं. शेठजी दारात होते. इंजिनावरच्या हाराकडे बघत होते की दुसरीकडे कुठे, मला सांगता येणार नाही. तेवढ्यात भोंगा झाला आणि रांग शेडकडे सरकली. रांगेबरोबर मायही गेली, मूठ मिटून. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नव्हतं.

त्या दिवशी वर्गात वाटाघाटी हा धडा होता. मी गेलो नाही. शेडच्या दारात उभा राहिलो. पट्टे सुरू झाले, पेट्यांमुळे आवाज जरा दबल्यासारखा वाटला. माय आपल्या रेच्यावर एकाच हातानं कापूस चारत होती, दुसरी मूठ तशीच मिटलेली. मुकादम दूरच्या टोकाकडून एकेकीच्या मागून येत होता. तिच्या पाठीमागे येऊन तो थांबला. मायला तो दिसत नव्हता, पण तिचे खांदे वर चढलेले मला दिसले. मी पहिल्यांदाच शेडच्या आत पाऊल टाकलं. काय करणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. मुकादम उभा राहिला, पेटीच्या फळीवर त्यानं हात आपटून पाहिला, आणि पुढे गेला.

तो तीन-चार रेचे पुढे जाईपर्यंत माय तशीच राहिली. मग तिनं मूठ उघडली, खोबरं तोंडात टाकलं आणि दोन्ही हातांनी कापूस चारू लागली.